यादी करणं आणि वापरणं : तिसरी-चौथीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

16 जून 2025, सोमवार

शाळा भरली. पाठ्यपुस्तकं वाटून झाली, पहिलीतल्यांची रडारड दुपारपर्यंत थांबली. सिंधुदुर्गातल्या चिपी-परुळ्याच्या पट्ट्यातली आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून पट 19. तिसरी-चौथीची अकरा मुलं एकाच खोलीत माझ्याकडे बसतात. त्यांच्यासाठी पहिल्या सत्राचा प्रकल्प ठरवला: रोजच्या कामाच्या याद्या करायच्या आणि वापरायच्या.

यातलं वापरणं जास्त महत्त्वाचं. या वयाच्या मुलांना यादी करा म्हटलं की पाच फळांची, पाच प्राण्यांची नावं लिहून वही पुढे करतात. स्वाध्यायात तेच विचारलेलं असतं, त्यामुळे यादी म्हणजे हेच अशी त्यांची समजूत झालेली असते. पण त्या यादीवरून कोणी काही आणत नाही, करत नाही, तपासत नाही. वही मिटली की यादी संपली. 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून तिसरीपर्यंत मूल समजून वाचतं का, साधी आकडेमोड करतं का, याकडे आमचं सारं लक्ष असतं, आणि ते असायलाच हवं. त्याच्या जोडीला मला मुलांना आणखी एक गोष्ट द्यायची आहे: आपण लिहिलेल्या चार शब्दांमुळे एखादं काम पार पडतं, याचा अनुभव.

नियम एकच ठेवला. प्रत्येक यादीच्या माथ्यावर दोन ओळी हव्यात: कशासाठी आणि कोण वापरणार. वापरणारं माणूस ठरत नसेल तर यादी करायची नाही.

18 जून, बुधवार

पहिली यादी दप्तराची. विषय मुद्दाम सोपा घेतला, कारण यादी वापरणारा आणि करणारा एकच. फळ्यावर वेळापत्रक होतंच. त्यावरून प्रत्येकाने वारानुसार काय न्यायचं ते लिहून काढलं. लिहिताना अडलं काहीच नाही. खरा प्रश्न यादी ठेवायची कुठे हा होता. बहुतेकांनी ती वहीत लिहिली आणि वही दप्तरात गेली. म्हणजे दप्तर भरून झाल्यावर यादी वाचायची!

हे मी सांगितलं नाही. "ही यादी तू कधी वाचणार?" एवढंच प्रत्येकाला विचारलं. चौथीतल्या एका मुलीला दुसऱ्याच उत्तराला उमगलं. ती म्हणाली, मी रात्री जेवल्यावर दप्तर भरते, तर यादी दप्तराच्या खुंटीवर पाहिजे. मग बाकीच्यांचीही जागा ठरली: कोणी दाराच्या मागे, कोणी कपाटाच्या आरशाला. एकाने दप्तराच्या झाकणाला आतून चिकटवतो म्हणून सांगितलं. झाकण उघडल्याशिवाय भरता येत नाही, त्यामुळे ही जागा मला सगळ्यांत पटली.

एक बाजूचा फायदा: 'सगळी पुस्तकं रोज आणायची' ही सवय सुटायला लागेल. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असं शालेय दप्तराचं धोरण सांगतं. पंचवीस किलोच्या मुलाला म्हणजे अडीच किलो. आज वजनकाट्यावर दोन दप्तरं ठेवून पाहिली, दोन्ही त्याच्या वर गेली.

25 जून, बुधवार

मुलं आपणहून कोणती यादी करतात याचं उत्तर आज मिळालं. मी कार्यालयात होते तेवढ्यात मॉनिटरने फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहिली होती. चार नावं, त्यातल्या दोघांपुढे फुल्या. पुन्हा बोललं की फुली वाढते. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ही यादी माहीत आहे, आणि तिच्यात नाव आल्यावर पोटात कसं कालवतं तेही.

यावर वर्गात बराच वेळ बोललो. मुलांनी फार नीट सांगितलं. एकजण म्हणाला, माझं नाव रोजच असतं, मी नसलो तरी लिहितील. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, आपली मैत्रीण बोलली तर तिचं नाव लिहीत नाहीत. आजपासून आमच्या वर्गात ही यादी बंद. याद्या कामाच्या करायच्या, वस्तूंच्या करायच्या; माणसांना खाली पाडायला करायच्या नाहीत, असं मी स्पष्टच सांगितलं. ज्याच्या हातात खडू त्याचंच म्हणणं फळ्यावर राहतं, हे या वयात कळलं तर पुढेही उपयोगी पडेल.

मॉनिटरच्या हाताला दुसरी यादी दिली: आज कोण झाडांना पाणी घालणार, कोण फळा पुसणार, कोण पाण्याची टाकी झाकणार. नाव ज्याचं त्याने स्वतः लिहायचं.

4 जुलै, शुक्रवार

पाऊस लागून राहिला आहे. लावणी सुरू, म्हणून हजेरी कमी. आज किराण्याची यादी.

काल प्रत्येकाला घरून विचारून यायला सांगितलं होतं: दुकानातून काय आणायचं आहे? ते लिहून, आईला दाखवून, संध्याकाळी खरंच दुकानात जायचं. आज अनुभव ऐकले. 'साखर, चहा, तेल, साबण' अशी यादी घेऊन गेलेल्या तिसरीतल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. "दुकानदारान इचारल्यान, किती व्हयी? माका ठाव नाय म्हणान परत घराक इलंय." भर पावसात हेलपाटा पडला त्याला. नावापुढे माप लागतं हे आता त्याला कोणी शिकवायला नको. त्यानेच वर्गाला समजावलं, तेही तावातावाने.

मग मापांवर आलो आणि तासाचे दोन तास झाले. घरात कोणी 250 ग्रॅम म्हणत नाही, पावशेर किंवा पाव किलो म्हणतात. पाकिटावर मात्र 250 ग्रॅम छापलेलं. मुलांनी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे शब्द एकीकडे आणि ग्रॅमचे आकडे दुसरीकडे लिहिले. सव्वा किलोला तिघांनी 1025 ग्रॅम लिहिलं. खरा तराजू काढला. एका पारड्यात एक किलोचं, 20 ग्रॅमचं आणि 5 ग्रॅमचं अशी वजनं ठेवली, दुसऱ्या पारड्यात सव्वा किलो तांदूळ. तांदळाचं पारडं खाली ते खालीच. 20 आणि 5 ची वजनं काढून पन्नासचं, शंभरचं, दोनशेचं असं ठेवत ठेवत शेवटी 200 आणि 50 मिळून दांडी सरळ झाली, तेव्हा सव्वा म्हणजे एक आणि पाव हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. अपूर्णांकाचं प्रकरण पुस्तकात पुढे आहे, पण अशी संधी सोडायची नसते.

तेल लिटरमध्ये की किलोत? दोन घरांत दोन पद्धती. दुकानात सुटं तेल किलोने मिळतं, पिशवीवर लिटर किंवा मिलिलिटर असतं. दोन्ही लिहून ठेवले.

9 जुलै, बुधवार

वाडीतल्या दुकानदारांना मधल्या सुट्टीत बोलावलं होतं. मुलांच्या याद्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, यातली कोणती यादी हातात आली तर तुमचं काम सोपं होईल? त्यांनी एक निवडली आणि कारण सांगितलं ते मी जसंच्या तसं टिपलं: मोजून द्यायचं सामान एकत्र आहे आणि पुड्याचं सामान एकत्र आहे. साखर, तूरडाळ, पोहे सलग असले की एकदा तराजूपाशी उभं राहून सगळं होतं. नाहीतर तराजूपासून फळीकडे, फळीवरून परत तराजूकडे.

त्यांची दुसरी तक्रार अक्षराची. 'तूर' आणि 'तूप' यांत घोळ होतो. आणि एक सूचना: दिलेल्या वस्तूपुढे मी खूण करतो, तर डावीकडे थोडी जागा सोडा.

शुद्धलेखनाबद्दल मी वर्षभर बोलते त्यापेक्षा हे दहा मिनिटांचं बोलणं जास्त उतरलं. सुट्टी संपल्यावर 'तूर' आणि 'तूप' पाटीवर घोटून घोटून लिहिले गेले. समोर खरा वाचणारा आला की अक्षर आपोआप सुधारतं. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा तरी दुकानदाराला वर्गात बोलवावं असं मला मनापासून वाटतं.

16 जुलै, बुधवार

पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. स्वयंपाकाच्या ताई सकाळी हजेरी विचारून त्यानुसार काढतात. या आठवड्यापासून ही यादी चौथीची मुलं त्यांना करून देणार.

आज 17 हजर. तांदूळ 1 किलो 700 ग्रॅम, डाळ 340 ग्रॅम, भाजी 850 ग्रॅम, तेल 85 ग्रॅम. गुणाकार जमला. ताईंनी कागद भिंतीवर अडकवला आणि त्यानुसारच काढलं. ज्या मुलीने गुणाकार केला ती जेवताना सगळ्यांच्या ताटांकडे बघत होती.

उशिरा आलेल्या दोघांचं काय? मुलांनीच ठरवलं की यादीच्या खाली 'सकाळी अकरापर्यंतची हजेरी' असं लिहायचं. यादीला तारखेबरोबर वेळही लागते हे त्यातून निघालं.

24 जुलै, गुरुवार

तिसरीतल्या एका मुलाबद्दल वेगळी नोंद. त्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत, सलग लिहिताना तो थकतो आणि वही मिटून ठेवतो. वर्गाच्या कपाटात काय काय आहे याची यादी करायचं काम मुद्दाम चौघांना वेगवेगळं दिलं. तिघांनी जागेवर बसून आठवून लिहिलं: खडू, डस्टर, नकाशे, पट्टी. हा उठला, कपाट उघडलं, वरच्या कप्प्यापासून खाली एकेक वस्तू बघत चित्रं काढत गेला. खडूच्या पेटीचा चौकोन आणि पुढे 3. घड्या घातलेल्या सतरंजीचं एक चित्र. कात्रीची दोन कडी. जुन्या तराजूच्या एका पारड्याला दोरी नाही, तर तीही त्याने काढलेली नाही.

चारही याद्या घेऊन कपाट तपासलं. पूर्ण निघाली ती याचीच. बाकीच्यांच्या यादीत 'नकाशे' होते, पण नकाशे कपाटात नव्हतेच, ते कार्यालयात. त्याला विचारलं, तुझं एकही कसं चुकलं नाही? "मिया बघून इलंय." एवढंच बोलला.

हे वाक्य वर्गात मोठ्या अक्षरात लावलं, त्याच्या तोंडचं जसंच्या तसं. डोक्यातून यादी करायची आणि डोळ्यांनी करायची, यात फरक आहे. जे आहे त्याची यादी करायची तर जाऊन बघायलाच हवं. आणि एक गोष्ट माझ्यासाठी: यादी हा असा लेखनप्रकार आहे की त्यात कच्च्या लिहिणाऱ्या मुलालाही पहिल्या दिवसापासून कामाचं लिहिता येतं. वाक्य लागत नाही, विरामचिन्हं लागत नाहीत. एक शब्द, एक आकडा, एक चित्र पुरतं. आज त्याने चित्रांखाली नावं लिहायला घेतली आहेत. 'कात्री' लिहिताना त्रि की त्री हे स्वतःहून विचारायला आला.

2 ऑगस्ट, शनिवार

आनंददायी शनिवार, दप्तर नाही. चौथीतल्या मुलीच्या आजीला बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत कधी गेलेल्या नाहीत, आणि गणपतीच्या सामानात यांच्या हातून काही राहून गेल्याचं घरात कोणाला आठवत नाही. मुलांना विचारायचं होतं की लिहिता येत नसताना हे कसं जमतं.

"अगो चेडवा, लिवक येणा नाय म्हणान काय झाला? घर माझ्या डोळ्यासमोर असा." आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. देवाच्या खोलीत पाऊल टाकलं: पाट, समई, वाती, तेल, उदबत्ती, कापूर. मग पूजेचं ताट डावीकडून: हळद, कुंकू, अक्षता, जानवं, कापसाची वस्त्रं, विड्याची पानं, सुपाऱ्या, खारका, बदाम, हळकुंडं. पंचामृताची पाच भांडी: दूध, दही, तूप, मध, साखर. मग खोलीतून बाहेर, चुलीपाशी: मोदकाचं तांदळाचं पीठ, गूळ, नारळ, वेलची. मग मागीलदारी, मग खळ्यात. त्या मनातल्या मनात घरभर चालत होत्या आणि जिथे थांबत तिथल्या वस्तू सांगत होत्या. मुलं भराभर लिहीत होती, आणि कोणी मागे राहिलं तर त्या त्याच खोलीत थांबून राहत.

मुलांनी मापं विचारली. त्यांच्या बोलण्यात अजून शेर आणि पायली आहे. चार शेर म्हणजे एक पायली, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन चिपटी म्हणजे एक मापटं. आपल्याकडे किलो-ग्रॅम 1958 पासून यायला लागले, यांचा जन्म त्याच्या थोडा आधीचा, तरी भात मोजायचं म्हटलं की पायलीच तोंडात येते. एका मुलाच्या घरी लाकडी शेर आहे, तो सोमवारी आणतो म्हणाला.

मोलाची गोष्ट मिळाली ती क्रमाची. दुकानदाराने यादीचा एक क्रम सांगितला होता, त्याच्या दुकानाच्या सोयीचा. आजींचा क्रम घराचा. दोन्ही बरोबर. आठवायचं तेव्हा घराच्या क्रमाने लिहावं, आणि विकत आणायला निघायचं तेव्हा दुकानाच्या क्रमाने पुन्हा उतरून काढावं. मुलांनी आजच्या आज तसं करून पाहिलं. चाळीसच्या आसपास वस्तू होत्या, त्यातल्या निम्म्या विकत आणायच्याच नव्हत्या, घरात किंवा परड्यात होत्या.

11 ऑगस्ट, सोमवार

विमान गेलं डोक्यावरून. चिपीचं विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालं तेव्हा ही मुलं बालवाडीच्या वयाची होती. तरी अजून आवाज आला की सगळ्या माना खिडकीकडे. म्हटलं, आज हेच घेऊ.

30 ऑक्टोबर 1935 ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत डेटन शहराजवळच्या राइट फील्डवर बोइंग कंपनीच्या नव्या चार इंजिनांच्या विमानाची चाचणी होती. चालवणारे मुरलेले वैमानिक. विमान उडालं, नको तितकं सरळ वर चढलं आणि कोसळलं. दोघांचा जीव गेला. यंत्र बिघडलेलं नव्हतं. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून एक अडसर लावतात, तो काढायचा राहिला होता. हे विमान फार किचकट आहे, माणसाला झेपणार नाही, असं तेव्हा बोललं गेलं. वैमानिकांनी मात्र एका कागदावर मावेल अशी यादी केली: उडण्याआधी काय तपासायचं, उतरण्याआधी काय. पुढे तेच विमान हजारोंच्या संख्येने उडालं. आज चिपीवरून उडणाऱ्या विमानातही वैमानिक यादी वाचून तपासणी केल्याशिवाय निघत नाही.

मुलांचा प्रश्न आला आणि तो योग्य होता: त्यांना तर सगळं येतच होतं, मग यादी कशाला? यावर मी उत्तर न देता त्यांच्यावरच सोपवलं. बोलता बोलता फळ्यावर तीन प्रकार उभे राहिले. आणायची यादी: वस्तू माहीत नसतात किंवा आठवत नाहीत म्हणून, आणि त्यात क्रम पुढेमागे झाला तरी चालतो. करायची यादी: यात क्रम चुकला तर काम बिघडतं, मोदकाची उकड काढायच्या आधी पाणी उकळावंच लागतं. आणि तपासायची यादी: सगळं येत असतं, रोज करतो, म्हणूनच एखाद दिवशी एक गोष्ट निसटते. तिसरी यादी येणाऱ्यांसाठी असते, न येणाऱ्यांसाठी नव्हे. ही गोष्ट मोठी माणसंसुद्धा मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची अशीच यादी दिली, तीही शिकल्यासवरलेल्या डॉक्टरांसाठीच.

मुलांनी शाळा बंद करतानाची यादी केली. खिडक्या, दिवे, पंखा, टाकीचा नळ, गॅसचा रेग्युलेटर, कुलूप. सहाच गोष्टी. दोघांनी मिळून करायचं: एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून 'झालं' म्हणायचं. नुसतं बघून 'झालं' म्हणायचं नाही, हात लागलाच पाहिजे, हा त्यांचा नियम.

21 ऑगस्ट, गुरुवार

गणपती बुधवारी, 27 तारखेला. गावात चाकरमानी यायला लागतील. एका मुलाच्या मुंबईच्या काकांचा फोन आला, काय काय आणू? त्याने यादी समोर धरून फोनवर वाचून दाखवली, काकांनी तिकडे लिहून घेतली, आणि शेवटी याने त्यांना परत वाचायला लावली. हे मी शिकवलेलं नव्हतं. शाळेतल्या 'वाच आणि हात लाव' वरून त्याला सुचलं. दुसऱ्या घरी यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आणि त्यात खालची ओळ कापली गेली, धूप राहिला. फोटो पाठवला तरी एकदा वाचून घ्यावं असं मुलांनी ठरवून टाकलं.

23 ऑगस्ट, शनिवार

माटवीची यादी. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. तिला त्या हंगामातली रानातली आणि परड्यातली फळं, फुलं, पानं बांधायची. कुडाळच्या बाजारात आता तयार जुड्या मिळतात, पण आम्ही ठरवलं की जितकं मिळेल तितकं आपणच शोधायचं.

या यादीला मुलांनी चार रकाने पाडले: काय, किती, कुठे मिळेल, कोण आणणार. कवंडळं: 5, पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठच्या झाडावर चढलेली वेल, लाल झालेलीच घ्यायची. हरणं (रानफुलं): कातळावर. तेरडा: कुठेही. कांगलं: देवळामागचं रान. शेरवडाची पांढरी पानं. सुपारीचं शिपटं: बागवाल्या काकांना विचारून. तवसं, चिबूड, दोडकी: ज्याच्या मांडवावर असतील त्याच्याकडून. आंब्याचे टाळे. नारळ, शेंडीसकट. रानातल्या वस्तू पालकांबरोबरच आणायच्या, एकट्याने पऱ्ह्याकडे जायचं नाही, हेही यादीतच खाली लिहिलं.

'किती' च्या रकान्यावर चर्चा झाली. एकजण हरणं 'खूप' लिहून आला होता. कातळावरच्या फुलांचं बी तिथेच पडतं, सगळी खुडून आणली तर पुढच्या वर्षी काय, असं चौथीतल्या मुलांनीच विचारलं. 'खूप' खोडून 'दोन मुठी' लिहिलं गेलं. यादी आपल्याला आठवण देते तशी मर्यादाही घालते, हे मला या प्रकल्पात सापडलेलं सगळ्यांत आवडतं वळण. बाजारातही तेच. यादीत नाही ते घ्यायचं नाही, ही शिस्त घरखर्चाला किती लागते ते मुलांच्या आया मला सांगतात.

लिहिताना सगळी नावं गावातलीच ठेवली. आणायला जाणाऱ्याला जे कळतं ते नाव यादीत हवं.

26 ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका, उद्या गणपती. शाळेला सुट्टी, पण वाडीतल्या तीन घरी जाऊन आले. दोन घरांत माटवी मुलांच्या यादीवरून बांधली जात होती. शिडीवर बाबा, खाली मुलगी यादी घेऊन उभी: "आता कवंडळा." कांगलं कोणाला मिळालं नाही. यादीत त्याच्यापुढे रिकामी चौकट तशीच आहे. कोणी खोटी खूण केली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

8 सप्टेंबर, सोमवार

सुट्टी संपली. आल्या आल्या उरलेल्या सामानाची यादी घेतली: काय उरलं, काय कमी पडलं, काय आणलं पण लागलं नाही. कापूर जवळजवळ सगळ्यांकडे दुप्पट आणलेला. गूळ दोघांकडे कमी पडला, कारण पाहुणे मोजले नव्हते. मुलांनी स्वतःहून माणसांचा आकडा माथ्यावर लिहिला: 'आम्ही 6, आलेले 9'. याद्या एका फायलीत लावल्या, वर '2026 साठी'. फाइल घरी नेऊन देवाच्या कपाटात ठेवायची, कारण पुढच्या वर्षी ती तिथेच सापडेल.

शब्द नीट बसवणारी एक मुलगी मात्र याद्यांना कंटाळली आहे. तिला गोष्टी लिहायच्या आहेत. लिहू दे. तिला गणपतीच्या दिवसांचं वर्णन लिहायला दिलं आणि आधी मुद्दे काढ म्हटलं. मुद्द्यांचा कागद तिने लपवून ठेवला आणि लिहिताना तीनदा बघितला.

26 सप्टेंबर, शुक्रवार

दप्तराच्या याद्यांचा आढावा. भिंतीवरच्या निम्म्या याद्या आता कोणी वाचत नाही, कारण सवय झाली आहे. वह्या बरोबर येतात. सवय लागली की यादी काढून टाकावी, भिंतीवर जुनी यादी राहिली की नवीही कोणी बघत नाही. झाकणाला आतून चिकटवलेली टिकली आहे. चित्रकलेचा वार बदलला तेव्हा त्या मुलाने त्यावर नवी पट्टी चिकटवली.

शाळा बंद करण्याची यादी मात्र काढायची नाही. काल हात लावताना टाकीचा नळ सुटा सापडला.

11 ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी जवळ आली. आज पालक आले होते, मुलांनी आपापल्या याद्या त्यांना वाचून दाखवल्या. एका आईने विचारलं, यावर परीक्षेत काय येणार? मी सांगितलं की यावर प्रश्न येणार नाही, पण तुम्ही या दिवाळीत फराळाच्या सामानाची यादी मुलाकडे सोपवा. चकलीची भाजणी, करंजीचं सारण, चिवड्याचे पातळ पोहे, सगळं मापासकट. तुम्ही सांगा, तो लिहील, तोच दुकानात जाईल आणि आल्यावर तोच तपासेल. मध्ये बोलायचं नाही. काही राहिलं तर परत त्यालाच पाठवायचं.

चित्रांची यादी करणारा मुलगा आता ओळी लिहितो. जोडाक्षरं अजून अडतात, 'चकली' येतं, 'अनारसे' येतं, 'वेलदोडे' त्याने तसंच बोलून बोलून जुळवलं.

दुसऱ्या सत्रासाठी ठरलेलं: जानेवारीत सहल आहे. बसमध्ये चढताना-उतरताना मुलं मोजण्याची तपासायची यादी चौथीने करायची, प्रथमोपचार पेटीची तिसरीने, पेटी उघडून बघून. पाण्याच्या बाटल्या, उलटीच्या पिशव्या आणि पालकांचे फोन नंबर यांचे कागद वेगळे. नंबरांचा कागद माझ्याकडे आणि एक प्रत चालकाकडे.